सात दरवाजांचा काठ

पावसाळ्यात धरणाखाली मासा लागतो, हे नदीकाठच्या कुणाला शिकवावं लागत नाही. पहिलं लाल पाणी आलं की मासा प्रवाहाविरुद्ध चढायला लागतो. कोकणात त्याला वलगण म्हणतात, घाटावर नुसतं चढणीचे मासे. कटला, रोहू, मृगळ या मोठ्या जातींना अंडी घालायला वाहतं आणि वाढतं पाणी हवं असतं. ते मिळालं की त्या वर वर सरकत राहतात. धरणाच्या भिंतीपाशी त्यांची वाट संपते, पण मागून येणारे काही थांबत नाहीत. शिवाय सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, वीजगृहाच्या टर्बाइनमधून आलेले अर्धमेले बारके मासे खाली वाहत असतात, आणि त्यांच्या मागावर मरळ, शिंगाळा, वाम आलेले असतात. एरवी दिवसभर बसून जे मिळत नाही ते इथे अर्ध्या तासात मिळतं. तेव्हा पुराच्या दिवसांत गळ किंवा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन धरणाखाली जाणारा माणूस मूर्ख नसतो. नदीची त्याला चांगली जाण असते. मला जे सांगायचं आहे ते या जाणिवेबद्दलच आहे, कारण धरणाखाली तीच दगा देते.

नदीवर जन्म काढलेला माणूस पाणी ओळखतो ते खुणांवरून. वरच्या अंगाला आभाळ काळं झालं, गार वारा सुटला, पाण्याला गढूळ झाक आली, काडीकचरा आणि पिवळट फेस वाहायला लागला, कडेचे मुंगळे अंडी घेऊन वर सरकले, लांबून घुमल्यासारखा आवाज आला, की तो सामान आवरतो. या खुणा खऱ्या आहेत. कित्येक पिढ्यांनी तपासलेल्या आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण त्या मोकळ्या नदीच्या खुणा आहेत. धरणाच्या पायथ्याशी येणारं पाणी आभाळातून थेट येत नाही. ते आधी साठतं, आणि सुटतं ते वेगळ्याच हिशेबाने: जलाशयाची पातळी किती, येवा (वरून येणारं पाणी) किती, अमुक तारखेला धरण किती भरलेलं ठेवायचं, विजेची मागणी किती. यातली एकही गोष्ट खडकावर उभं राहून दिसत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरी धरण याचं स्पष्ट उदाहरण आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावती नदीवर फेजिवड्याजवळ हे काम सुरू करवलं, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. साठा सुमारे 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे कोयनेच्या 105 टीएमसीपुढे लहानच. पण त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय 347.5 फुटांच्या पातळीला टेकला की ते पाण्याच्याच जोरावर एकामागून एक उघडतात आणि पातळी उतरली की आपले आपण मिटतात. अशा स्वयंचलित दरवाजांची कल्पना आपल्याकडे विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला पहिल्यांदा वापरून दाखवली. धरणाच्या दृष्टीने ही फार शहाणी सोय आहे. मध्यरात्री दोन वाजता ढगफुटीसारखा पाऊस झाला, वीज गेली, रस्ता खचला, कुणीच भिंतीवर पोचू शकलं नाही, तरी धरण स्वतःला वाचवतं. खाली खडकावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा, की दरवाजा कधी उघडेल हे त्या क्षणी कुणीही ठरवत नसतं. विचारायला माणूसच नाही.

पाऊस पडतो तो वर, दाजीपूरच्या जंगलात. तिथे धो-धो कोसळत असताना खाली नदीकाठच्या राशिवड्यात स्वच्छ ऊन असू शकतं. जलाशय काठोकाठ असेल तर वरच्या पावसाचं पाणी फार वेळ थांबत नाही. काल रात्री दाजीपूरला पडलेला पाऊस आज दुपारी उन्हात भोगावतीत उतरतो, आणि उन्हात उतरलेलं पाणी हे पुराचं पाणी आहे यावर माणसाचा विश्वास बसत नाही.

त्या एका दरवाजातून किती पाणी येतं? दर सेकंदाला 1428 घनफूट, म्हणजे 1428 क्युसेक. बातम्यांत हा आकडा आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचं काही वाटेनासं होतं. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. हिशेब केला तर एका दरवाजातून सेकंदाला 40 हजार लिटरच्या वर पाणी येतं. उन्हाळ्यात गावात येतो तो 10 हजार लिटरचा टँकर घ्या, तसे चार टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत असं समजा. आता पात्र 40 मीटर रुंद आहे आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहतं आहे असं धरलं, तर एक दरवाजा उघडल्यावर पाणी साधारण एक मीटरने चढतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत. सातही उघडले तर दहा हजार क्युसेक. तेव्हा वेग दुप्पट झाला असं धरूनही चढ साडेतीन मीटरचा येतो. वीजगृहाचा विसर्ग यात धरलेलाच नाही. हा ढोबळ हिशेब आहे, दर वळणाला पात्राची रुंदी बदलते आणि खोलीही. पण धरणाच्या जवळ पात्र अरुंद आणि खडकाळ असतं, तेव्हा चूक झालीच तर ती कमी धरण्याची असेल.

वीजगृहाच्या पाण्याबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण ते जास्त फसवं आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहातली दोन युनिटं चालू झाली की नदीत 2100 क्युसेक पाणी येतं. हे पाणी जलाशयाच्या पोटातून घेतलेलं असतं. त्यात पाचोळा नसतो, फेस नसतो, बऱ्याचदा गढूळपणाही नसतो. स्वच्छ आणि गार पाणी मुकाट्याने वर चढतं. म्हणजे ज्या खुणांवर नदीवरच्या माणसाचा सगळा भरवसा, त्यातली एकही इथे येत नाही. पायाला पाणी एकदम गार लागलं, एवढीच काय ती खूण, आणि मासा गळाला ओढ देत असताना पायाकडे लक्ष कुणाचं असतं?

पावसाळा नसतानाही हेच घडतं, आणि तेव्हा तर जास्त भयंकर घडतं. 7 एप्रिल 2005 ला मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे भूतडी अमावास्येच्या स्नानासाठी हजारो लोक नर्मदेच्या पात्रात जमले होते. चैत्राच्या तोंडचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही. वरच्या इंदिरा सागर धरणातून सुटलेलं पाणी रात्री तिथे पोचलं आणि साठाहून अधिक माणसं गेली. 8 जून 2014 ला हिमाचलात मंडी जिल्ह्यात थलोटजवळ बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं फोटो काढत उभी होती. वर लारजी धरण. संध्याकाळी दरवाजे उघडले आणि 24 विद्यार्थी आणि त्यांच्या सहलीसोबतचा एक जण वाहून गेला. त्या दिवशी पूर नव्हता. वीजनिर्मिती कमी करायची होती, टर्बाइनकडे जाणारं पाणी मग साठायला लागलं आणि ते दरवाजांतून सोडलं गेलं. कुठेतरी दूर विजेचा भार कमी-जास्त झाला, त्यावर त्या मुलांच्या पायाखालचा खडक बुडायचा की नाही हे ठरलं. राधानगरीलाही 2021 च्या डिसेंबरात, भर हिवाळ्यात, दुरुस्ती चालू असताना एक दरवाजा उघडा अडकला आणि भोगावतीचं पाणी एकाएकी वाढलं. नदीकडे बघून यातलं काहीही आधी कळण्यासारखं नव्हतं.

मग इशारा देतात त्याचं काय? भोंगा वाजतो, पोलीस पाटलांना फोन जातो, तलाठ्याकडून ग्रुपवर निरोप येतो, स्थानिक चॅनेलवर पट्टी फिरते. ही व्यवस्था चांगली आहे आणि गेल्या काही वर्षांत ती सुधारलीही आहे. पण ती कुणासाठी आखलेली आहे ते नीट बघा. ती खालच्या गावांसाठी आहे. फेजिवड्याला सुटलेलं पाणी खाली जायला वेळ घेतं, तेवढ्यात गोठ्यातली जनावरं सोडता येतात, मोटार काढता येते, बंधाऱ्यावरची वाहतूक थांबवता येते. ज्याला तास मिळतात त्याच्यासाठी हा इशारा आहे. धरणापासून पाचशे मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पाण्याचा चढ सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने आला तरी तीन-चार मिनिटांत पोचतो. त्या तीन-चार मिनिटांत त्याने भोंगा ऐकायचा (सांडवा चालू असेल तर त्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही), तो कशाचा आहे ते ओळखायचं, पाग गोळा करायचा, शेवाळलेल्या खडकांवरून काठाला यायचं. स्वयंचलित दरवाजा असेल तर पहिला दरवाजा उघडल्याचं कळल्यावर निरोप निघतो, म्हणजे पाणी आधी आणि निरोप मागून. धरणाच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला सर्वांत कमी वेळ मिळतो, आणि नेमका तिथेच मासा सर्वांत जास्त असतो.

आता त्या तीन-चार मिनिटांत प्रत्यक्षात काय होतं ते जवळून बघू. भोगावतीसारख्या नदीचं पात्र सपाट ताटासारखं नसतं. मध्ये खडकांची उंच पाठ असते, तिच्या पलीकडे खोल धार, आणि अलीकडे, काठ आणि खडक यांच्यामध्ये, एक उथळ वाट. गळवाला ती वाट घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडतो आणि खडकाच्या पाठीवर जाऊन धारेकडे तोंड करून बसतो. पाणी चढायला लागतं तेव्हा समोरची धार त्याला फारशी वेगळी दिसत नाही. ती आधीच जोरात असते. भरत असते ती पाठीमागची उथळ वाट. त्याची नजर गळाच्या टोकावर, तंगुसाच्या ताणावर. खडक कोरडाच आहे. काठावरून कुणीतरी ओरडतं, "अरं ए दादा, भाईर ये, पाणी चढाय लागलंय!" तो मान वळवतो तेव्हा घोट्याची वाट मांडीपर्यंत आलेली असते. खडक अजून दोन हात वर आहे, म्हणून तो म्हणतो, थांबू, उतरेल. दरवर्षी पावसाळ्यात नदीच्या मधोमध झाडाला किंवा खडकाला धरून बसलेल्या माणसांच्या, त्यांना दोराने आणि बोटीने काढल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतल्या कितीतरींची सुरुवात अशी असते. पाणी अंगावर येण्याआधी परतीची वाट जाते.

मांडीएवढ्या पाण्यातून चालत येता येणार नाही का? याचं उत्तर खोलीपेक्षा वेगावर जास्त आहे. वाहत्या पाण्याची ढकल वेगाच्या वर्गाने वाढते. गुडघाभर पाण्यात, सेकंदाला एक मीटर वेगाला, दोन पायांवर साधारण आठ किलोची ढकल बसते. ती माणूस सहज पेलतो. वेग दोन मीटर झाला की तीच ढकल तेहतीस किलोच्या घरात जाते. शिवाय पायाखाली शेवाळ, पायात चप्पल किंवा गमबूट, खांद्यावर ओलं जाळं. पाणी मांडीला लागलं की पाय उचलताना शरीर हलकं होतं आणि तोल जायला तेवढं पुरतं. गेल्या वर्षी याच जागेवरून आपण याच खोलीतून आलो होतो, ही आठवण इथे घात करते. खोली तीच असेल, वेग तो नसतो.

सर्वांत वाईट वेळ मात्र पाणी वाढतानाची नसते. ती येते पाणी उतरल्यावर. दरवाजे मिटले की धरणाखालचं पाणी मोकळ्या नदीसारखं दोन दिवस रेंगाळत नाही, ते झटक्याने खाली जातं. खडकांच्या खळग्यांत डबकी उरतात आणि त्यात मासे अडकतात, कधी हाताने धरता येतील इतके. हे गावात कळायला वेळ लागत नाही. पोरं पिशव्या घेऊन येतात, बायका बुट्ट्या घेऊन येतात, आणि एरवी पाण्यात न उतरणारी माणसं पात्राच्या मधोमध जातात. सगळ्यांच्या मनात एकच: पूर गेला. खरं बघता दरवाजा मिटला याचा अर्थ जलाशय त्या पातळीच्या जरासा खाली आला, इतकाच. धरण अजून भरलेलंच आहे. वर आणखी एक सर आली की तोच दरवाजा पुन्हा उघडणार. राधानगरीचे दरवाजे भर पावसाळ्यात असे पुन्हा पुन्हा उघडतात आणि मिटतात. रिकाम्या धरणाखालचं उतरलेलं पाणी आणि भरलेल्या धरणाखालचं उतरलेलं पाणी दिसायला अगदी सारखं असतं. पहिल्यात, वीजगृह बंद असल्याची खात्री असेल तर, मुलांना डबक्यातले मासे धरू द्यावेत. दुसऱ्यात त्यांना हाताला धरून काठावर आणावं, ती रडली तरी.

भिंतीच्या अगदी पायथ्याबद्दल आणि बंधाऱ्यांबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. सांडव्याखाली जिथे पाणी आदळून उसळतं तिथे पृष्ठावरचं पाणी खाली वाहून न जाता उलटं भिंतीकडे ओढलं जातं. पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की ते माणसाला धड तोलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो, वर येतो, पुन्हा भिंतीकडे खेचला जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांखाली हेच लहान प्रमाणात होतं, आणि ते लहान दिसतं म्हणून जास्त धोक्याचं. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, पाणी गाळ्यांतून जोरात घुसतं, वरून पाणी गेलं की नुसती एक गुळगुळीत रेघ दिसते. भोगावतीवर तारळे, शिरगाव, राशिवडे, हळदी असे बंधारे आहेत. एखादा नुकताच बुडायला लागलेला असताना त्याच्या कठड्यावर उभं राहून पाग टाकणारे असतात. तिथून पडलेला माणूस बंधाऱ्याखालीच फिरत राहतो. अशा ठिकाणी मागोमाग उडी मारणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. दोर फेकावा, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा, उडी मारू नये.

मग पुराच्या दिवसांत धरणाखाली मासे धरूच नयेत का? धरणाच्या हद्दीत, भिंतीखाली, सांडव्यासमोर, अजिबात नाही. तिथे तशी मनाईही असते आणि ती योग्य आहे. त्याच्या खाली नदी मोठी आहे आणि तिथे मासे धरता येतात, पण एक गोष्ट बदलावी लागते. आज पाणी कुठे आहे त्यावरून जागा निवडायची नाही. सातही दरवाजे उघडल्यावर पाणी कुठे असेल, त्यावरून निवडायची. एरवी ज्याला आपण काठ म्हणतो तो आजचा काठ. मासे धरायला बसायचं ते सात दरवाजांच्या काठावर. एवढं एक ठरलं की भोंगा ऐकू आला की नाही, निरोप वेळेवर आला की नाही, वीजगृह किती वाजता चालू होणार, यावर जीव टांगून ठेवावा लागत नाही. पाणी चढलं तर ते आपल्या पायाशी येऊन थांबेल.

हा काठ ओळखता येतो. नदी तो स्वतः आखून ठेवते. उंबराच्या आणि करंजाच्या खालच्या फांद्यांना अडकलेली प्लॅस्टिकची फडकी, वाळलेलं गवत, लव्हाळ्याचे पुंजके. खडकावर एका रेषेच्या वर चिवट पांढरं दगडफूल आणि खाली नुसता धुतलेला काळा दगड. काठाच्या मातीला पडलेली पायरी. यातली सर्वांत वरची, निदान आपल्याला दिसेल ती, खूण शोधावी आणि तिच्या वर बसावं. बसण्याआधी पाठीमागे बघावं: काठाकडे जाताना मध्ये एखादी घळ, जुनी चर किंवा ओढा आहे का, जो आपल्याआधी भरेल? असेल तर ती जागा बेट होणार आहे, आत्ता कितीही उंच दिसो. पाण्याच्या कडेला एक दगड किंवा काडी रोवून ठेवावी आणि दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघावं. ती बुडाली तर का बुडाली याचा विचार वर जाऊन करावा. घरून निघण्याआधी धरण किती टक्के भरलं आहे ते बघावं. हा आकडा पावसाळ्यात रोज छापून येतो आणि मोबाइलवरही असतो. नव्वदीच्या पुढे असेल तर मग ऊन आहे की पाऊस, याला काही अर्थ उरत नाही.

गळवाले म्हणतील, इतक्या वर बसून मासा कुठला? मला ही शंका खरी वाटत नाही, आणि का ते सांगतो. पाणी मोठं झालं की मासासुद्धा मधल्या धारेत राहत नाही. त्या जोरात टिकून राहायला त्याला फार ताकद खर्चावी लागते. तो कडेला येतो: मोठ्या दगडाच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या बाजूच्या संथ पाण्यात, बुडालेल्या गवतात जिथे किडे आणि गांडुळं वर आलेली असतात, आणि सर्वांत जास्त ओढ्याच्या तोंडाशी, जिथे मागे लोटलेलं पाणी थांबतं. रोहू आणि मृगळ बुडालेल्या गवतात चरायला येतात, मरळ कडेच्या गढूळ संथ पाण्यात टपून असतो. माणूस जीव मुठीत धरून मधल्या खडकावर जातो तेव्हा मासा त्याच्या पाठीमागे काठाला आलेला असतो. पुरात मासा काठावर बसूनच धरायचा असतो, हे जुन्या भोयांना माहीत होतं. धरण झाल्यावर भिंतीखालच्या गर्दीच्या मोहात ते विसरलं गेलं.

पाग टाकणाऱ्यांना एक वेगळी विनंती. पागाची दोरी मनगटाला फास घालून बांधायची पद्धत आहे, कारण हातातून निसटलं तर जाळं गेलं. संथ डोहात ते ठीक. वाहत्या पाण्यात जाळं एखाद्या ओंडक्याला किंवा झुडपाला अडकलं आणि पाण्याने ते ओढलं, की तो फास सुटत नाही. माणूस जाळ्याच्या मागे जातो. जाळ्याची किंमत हजारांत असते, आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला ती कमी वाटत नाही हे मला कळतं. तरीही पुराच्या दिवसांत दोरी मुठीत धरावी, मनगटाला नको, आणि कमरेला तर कधीच नको. पडलाच कुणी, तर वाहत्या पाण्यात पाय टेकून उभं राहायची धडपड करू नये, दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी माणसाला खाली दाबतं. उताणं व्हावं, पाय पुढे, प्रवाहाबरोबर तिरकं तिरकं काठाकडे. गमबुटांत पाणी भरतं आणि लांब रेनकोट अंगाला गुंडाळतो. दोन्ही पाण्याकाठी नकोत. जीवरक्षक जॅकेट आता तालुक्याच्या गावातही मिळतं, आणि काठावर बसून घातलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर शोधाव्या लागणाऱ्या जॅकेटपेक्षा बरं.

हे सगळं मासे धरणाऱ्याने करायचं. पण सगळा भार त्याच्यावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही. गावच्या मत्स्य सोसायटीचा सभासद, भोई, कातकरी, आषाढात कामधंदा बंद असलेला शेतमजूर यांना त्या दिवसांत मासा लागतोच, हौस म्हणून नव्हे तर संध्याकाळच्या जेवणासाठी. त्यांना 'नदीपात्रात जाऊ नये' एवढ्या तीन शब्दांची पाटी पुरत नाही. ती पाटी वर्षाचे बारा महिने तिथेच असते, मार्चमध्येही तेच सांगते आणि ऑगस्टमध्येही, म्हणून ती कुणी वाचत नाही. त्यांना जे हवं ते आकड्यांत आणि खडकावर हवं. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पाठ आहे, कारण ते तिथे लिहिलेलं आहे, रोज मोजलं जातं आणि रोज सांगितलं जातं. धरणाखालच्या पहिल्या पाच-सात किलोमीटरमध्ये, जिथे माणसं खरोखर उतरतात त्या जागी, असं काही सहसा दिसत नाही.

एक दरवाजा उघडला की इथे पाणी कुठवर येतं, तीन उघडले की कुठवर, सात उघडले की कुठवर: पाटबंधारे खात्याकडे विसर्गाचे आकडे आहेत, गावातल्या म्हाताऱ्यांकडे खुणा आहेत. दोघांनी एकदा एकत्र पात्रात फिरून, उन्हाळ्यात, पाणी कमी असताना आणि दरवाजांचं काम कुठलंही चालू नसल्याची खात्री करून, घाटाच्या पायऱ्यांवर, पुलाच्या खांबांवर, मोठ्या खडकांवर तीन रंगांच्या तीन रेघा मारायच्या. वरच्या रेघेशेजारी आकडा लिहायचा: 7. ग्रामपंचायतीला यासाठी रंगाचे दोन-तीन डबे आणि दोन दिवसांची मजुरी लागेल, आणि काम मे महिना संपायच्या आत झालेलं असावं, कारण मासा जूनमध्ये चढायला लागतो.